भिंत ढकलून खांद्याचं दुखणं कमी होतं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी खांदेदुखीबद्दल इतकी पत्रं आली की बाकी सगळे विषय बाजूला ठेवलेत. जवळपास प्रत्येक पत्रात एकच शब्द होता, आयसोमेट्रिक, म्हणजे सांधा न हलवता नुसता जोर लावायचा व्यायाम. कुणाला फिजिओथेरपिस्टने सांगितलंय, कुणी मोबाईलवर व्हिडिओ बघितलाय, कुणी करून बघून सोडून दिलंय. म्हणून त्याच्याच भोवती बोलू या. सारख्या पत्रांचे प्रश्न मी एकत्र केलेत आणि नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी शाळेत शिकवते, वय ४६. उजवा खांदा आठ महिने झाले दुखतोय. फळ्यावर वरच्या बाजूला लिहिताना, केस बांधताना, मागच्या सीटवरची बॅग ओढताना कळ येते. गोळ्या झाल्या, दोन महिने हाताला पूर्ण आराम दिला, तेव्हा बरं वाटलं पण कामाला लागल्यावर पुन्हा तेच. आता एकीने सांगितलंय की भिंतीला हात लावून नुसतं ढकलत राहा. भिंत हलत नाही, हात हलत नाही, मग यानं नक्की होतं काय?

तुमची शंका अगदी बरोबर आहे, आणि ती मनात ठेवून व्यायाम केला तर माणूस चार दिवसांत सोडून देतो, म्हणून आधी आत काय चालतं ते सांगते.

खांदा हा उखळीचा सांधा, पण खुब्यासारखी खोल उखळ इथे नसते. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या वाटीत बसतो ती उथळ, बशीवर चेंडू ठेवावा तशी. म्हणूनच हात इतक्या दिशांना फिरतो. आता हा चेंडू बशीवरून घसरू नये म्हणून त्याच्याभोवती चार छोटे स्नायू असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलारिस अशी त्यांची नावं. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, पण रिपोर्टमध्ये दिसली तर घाबरायचं नाही म्हणून लिहिली. तुम्ही हात वर उचलता तेव्हा वरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, दंडाला वर खेचतो आणि हे चार जण त्याच वेळी गोळ्याला वाटीत दाबून धरतात. महिनोन् महिने दुखत असलेल्या खांद्यात बहुतेक वेळा यांची आणि यांच्या टेंडनची, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीची, भार सोसायची ताकद कमी झालेली असते.

आता तुमच्या दोन महिन्यांच्या आरामाचं बघा. आरामाने दुखणं शांत झालं हे खरं, पण भार मिळाला नाही की स्नायू आणि टेंडन आणखी कमकुवत होतात, मग शाळा सुरू झाली, फळा आला, तो भार या कमजोर झालेल्या दोरीवर एकदम पडला आणि पहिल्यापेक्षा कमी कामात ती कुरकुरायला लागली. हे चक्र मी इतक्या लोकांत बघितलंय. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतःसुद्धा सांगायचे की दुखतंय ना, मग हात वापरूच नका. आता नाही सांगत, आणि तेव्हा सांगितलं याचं वाईट वाटतं.

भिंत ढकलताना बाहेरून काहीच हलत नाही, पण आत स्नायूचे तंतू आखडतात, टेंडन किंचित ताणलं जातं आणि त्याला भार मिळतो. सांधा मात्र ज्या कोनात दुखतो तिथून जातच नाही. म्हणजे भार मिळाला, पण कळ येणारी हालचाल टळली. दुखऱ्या खांद्याला कामाला लावायचा याहून सौम्य रस्ता मला तरी माहीत नाही. आयसोमेट्रिक हा शब्दही ग्रीकमधून आलाय, अर्थ साधारण समान माप, कारण स्नायूची एकूण लांबी तीच राहते.

वेळ वाया जातो असं वाटतंय म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १९५३ साली हेटिंगर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी दाखवलं की दिवसातून एकदा फक्त ६ सेकंद, पूर्ण ताकदीच्या दोन तृतीयांश जोराने ढकललं तरी ताकद वाढते. त्यांनी आठवड्याला ५ टक्के वाढ सांगितली होती, ती नंतरच्या लोकांना एवढी दिसली नाही, पण न हलता ढकलून ताकद वाढते ही मूळ गोष्ट टिकली.

आता करायचं कसं. कोपर काटकोनात वाकवा, ते कमरेच्या वर बरगड्यांजवळ ठेवा आणि कोपर आणि अंग यांच्यामध्ये छोट्या टॉवेलची गुंडाळी धरा. ही गुंडाळी लोक हमखास विसरतात, पण तिच्यामुळे दंड अंगाला घट्ट चिकटत नाही आणि खांद्याला जरा मोकळी जागा मिळते. दुखरा हात भिंतीकडे येईल असं बाजूने उभं राहा, मनगटाची मागची बाजू भिंतीला लावा आणि हात बाहेर उघडायचा आहे असं समजून हळूहळू जोर लावा. ही पहिली दिशा, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची. दुसरी उलटी, दाराच्या चौकटीजवळ उभं राहून तळहात चौकटीला लावायचा आणि आत, पोटाच्या दिशेने ढकलायचं. तिसरी, भिंतीकडे तोंड करून मूठ भिंतीला लावायची आणि समोर ढकलायचं. कोपराने बाजूला आणि मागे ढकलणं पण आहे, पण पहिल्या आठवड्यात या तीन पुरेत. पूर्वी मी दहा व्यायामांचा कागद हातात द्यायचे, कुणी करायचं नाही, आता दोन-तीनच देते आणि लोक करतात.

जोर किती? सुरुवातीला पूर्ण ताकदीच्या पाव हिश्शाएवढा. भिंतीला धक्का द्यायचा नाही, दोन-तीन सेकंदात जोर हळूहळू चढवायचा, ५ ते १० सेकंद धरायचा, तसाच हळूहळू सोडायचा. असं ८-१० वेळा, दिवसातून दोनदा. आठवडाभर हे शांतपणे जमलं की वेळ वाढवा, २० सेकंद, मग ३०, मग ४५, तेव्हा वेळा कमी करून ४-५ वर आणा आणि मध्ये मिनिटभर सोडा, जोर निम्म्यापर्यंत न्या. आणि ढकलताना खांदा कानाकडे वर चढत नाही ना हे आरशात एकदा बघून घ्या, कारण तो चढला की मानेचे स्नायू काम करतात आणि संध्याकाळी मान आखडते, मग लोक म्हणतात व्यायामाने मान धरली.

फळ्यावर थोडे दिवस डोळ्यांच्या उंचीपर्यंतच लिहा, वरचा भाग एखाद्या मुलाला लिहायला सांगा. खांद्याला एकीकडे तयार करायचं आणि दुसरीकडे रोज तासन् तास छळायचं असं नको.

प्रश्न: व्यायाम करताना थोडं दुखतं. किती दुखलं तर चालतं आणि कधी थांबायचं? एक जण म्हणतो अजिबात दुखता कामा नये, दुसरा म्हणतो दुखल्याशिवाय फायदा नाही. माझं वय ३९, दुखणं दीड वर्षाचं.

दोघांचंही ऐकू नका. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला जुनाट दुखणं म्हणतात, तुमचं दीड वर्षाचं. इतक्या जुन्या दुखण्यात शून्य दुखेल तेव्हाच व्यायाम करीन असं ठरवलं तर व्यायाम कधीच सुरू होणार नाही, आणि दात-ओठ खाऊन केलं तर खांदा दोन दिवस ठणकत राहील.

मी लोकांना ० ते १० अशी पट्टी मनात धरायला सांगते, ० म्हणजे काही नाही आणि १० म्हणजे सहन होण्यापलीकडचं. ढकलताना ३-४ पर्यंत गेलं तर चालेल. पण खरा निकाल व्यायामाच्या वेळी लागतच नाही, तो लागतो त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री झोप नेहमीसारखी लागली आणि सकाळी खांदा कालच्यासारखाच किंवा बरा वाटला, तर कालचा डोस बरोबर होता. सकाळी जास्त भरून आला असेल, दात घासताना कालपेक्षा जास्त कळ येत असेल, तर डोस जास्त झाला, आणि अशा वेळी व्यायाम बंद करायचा नाही, जोर निम्मा करायचा आणि वेळा कमी करायच्या. बंद आणि पूर्ण यांच्यामध्ये खूप जागा असते, तिथेच आपल्याला काम करायचंय.

दुखण्याचा प्रकारही बघा. स्नायू थकल्यासारखी ओढ, गरम वाटणं, हे ठीक. सुरी फिरल्यासारखी तीव्र कळ, बोटांत मुंग्या, हात बधिर होणं, हे ठीक नाही, तिथे थांबा आणि दाखवा.

एक छोटी वही ठेवा. तारीख, कुठली दिशा, किती सेकंद, आणि दुसऱ्या सकाळचा आकडा, बस एवढंच. दुखणाऱ्या माणसाला कालचं वाईट लक्षात राहतं आणि तीन आठवड्यांपूर्वीचं त्याहून वाईट मात्र विसरायला होतं, वही ते विसरू देत नाही.

प्रश्न: एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस टेंडनला पार्शल टेअर आलंय. वय ५८. तेव्हापासून मी हात उचलायलाच घाबरतो. भिंत ढकलली तर उरलेलं टेंडन पण फाटेल का?

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यात दुखण्यापेक्षा भीती जास्त आहे, आणि ती भीती तुम्हाला त्या रिपोर्टने दिलीय.

२०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० ते ७० वयाचे ५१ पुरुष घेतले, खांद्याची काहीही तक्रार नसलेले, आणि त्यांच्या खांद्यांची सोनोग्राफी केली. त्यातल्या ९६ टक्के लोकांच्या खांद्यात काही ना काही बिघाड दिसला, कुणाचं टेंडन जाड झालेलं, कुणाचं थोडं फाटलेलं. आणि यातल्या कुणाचाही खांदा दुखत नव्हता. म्हणजे पन्नाशी-साठीत टेंडनला पार्शल टेअर दिसणं हे बऱ्याच अंशी केस पांढरे होण्यासारखं आहे, ते दिसलं म्हणून तेच दुखतंय असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही, फक्त तो एकटा पूर्ण गोष्ट सांगत नाही.

हळूहळू वाढवत नेलेल्या भारासाठी पार्शल टेअर हा सहसा अडथळा नसतो, उलट अशा खांद्यांना पहिला उपाय म्हणून व्यायामच देतात. कोपर अंगाशी ठेवून पाव जोराने ढकलताना टेंडनवर जो ताण येतो तो तुम्ही हात लांब करून भरलेली पिशवी उचलता त्यापेक्षा कितीतरी कमी असतो. म्हणून घाबरू नका, सुरू करा. पण एक अट, तुम्ही पडला असाल, झटका बसला असेल आणि त्या दिवसापासून हात वर जायचाच बंद झाला असेल तर ही गोष्ट वेगळी. ते टेंडन अख्खं तुटल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना लवकर दाखवण्याला महत्त्व आहे. पत्रात तसं काही लिहिलेलं नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

प्रश्न: एका व्हिडिओत सांगितलं होतं की ४५ सेकंद ढकला, असं ५ वेळा करा, दुखणं जागच्या जागी जातं. मी केलं, माझं गेलं नाही. मी काहीतरी चुकीचं करतेय का?

चुकीचं करत नाही आहात. ते ४५ सेकंद आणि ५ वेळा कुठून आलं ते सांगते. २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास झाला, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या ६ पुरुषांवर, आणि तो खांद्याचा नव्हताच, गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा होता. त्यांना पूर्ण ताकदीच्या ७० टक्के जोराने ४५-४५ सेकंद असं ५ वेळा धरायला लावलं, तर दुखणं तिथल्या तिथे खूप उतरलं आणि निदान ४५ मिनिटं तसंच राहिलं. ही बातमी अशी पसरली की लोकांनी ती प्रत्येक सांध्याला लावली. नंतर इतरांनी इतर टेंडनवर करून बघितलं तेव्हा निकाल संमिश्र आले, काहींना आराम पडला, काहींना काहीच फरक नाही, थोड्यांचं वाढलं पण. खांद्यासाठी आयसोमेट्रिक हे इतर व्यायामांपेक्षा सरस आहे असंही सिद्ध झालेलं नाही.

मग मी ते का सांगते? कारण ते सोपं आहे, कुठेही होतं, काही विकत आणावं लागत नाही, आणि ज्याला हात हलवायची धास्ती बसलीय त्याला आपल्या खांद्यावर पुन्हा विश्वास ठेवायला त्यानं सुरुवात करता येते. ढकलल्यावर लगेच हलकं वाटलं तर फार छान, कामाला निघायच्या आधी करत जा. नाही वाटलं तर ते फुकट गेलं असं नाही, ताकदीचं काम आत चालूच असतं, ते आठवड्यांनी दिसतं.

प्रश्न: मला बीपीचा त्रास आहे, गोळी चालू आहे. जोर लावायचे व्यायाम बीपीवाल्यांनी करू नयेत असं ऐकलंय.

यात काळजीची एकच खरी गोष्ट आहे, श्वास. जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो, आणि कोंडून जोर लावला की बीपी तेवढ्यापुरतं बरंच चढतं. म्हणून ढकलताना मोठ्याने आकडे मोजा, बोलणं चालू असलं की श्वास कोंडताच येत नाही. जोर निम्म्याच्या वर नेऊ नका, एकावेळी १० सेकंदांनी सुरुवात करा.

आणि थोडं बरं वाटावं म्हणून सांगते, २०२३ मध्ये २७० चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला, त्यात नियमित व्यायामाने विश्रांतीच्या वेळचं बीपी किती उतरतं ते बघितलं होतं, आणि सगळ्या प्रकारांत आयसोमेट्रिक वरचढ ठरलं. तो भिंतीला पाठ टेकून बसण्यासारख्या व्यायामांचा विषय होता, खांद्याचा नाही, म्हणून या तीन दिशांनी बीपी उतरेल असं मी म्हणणार नाही. पण बीपी आहे म्हणजे आयसोमेट्रिक बंद, असंही नाही. तुमचं बीपी गोळीनेही आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, किंवा डोळ्याच्या पडद्याचं काही चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न: महिनाभर नेमाने केलं. दुखणं निम्म्यावर आलं, रात्री झोप लागते. पण वरच्या फळीवरचा डबा काढायला गेलं की तसंच दुखतं, हातात जोर पण वाटत नाही. मग उपयोग काय झाला?

उपयोग झालाय, तुम्हीच लिहिलंय की झोप लागते. पण तुम्ही अशा जागी येऊन थांबलाय जिथे खूप जण थांबतात, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला.

आयसोमेट्रिकची एक मर्यादा आहे. ज्या कोनात ढकलता, ताकद मुख्यतः त्याच कोनात आणि त्याच्या आजूबाजूच्या साधारण १५-२० अंशांत वाढते. तुम्ही महिनाभर कोपर अंगाशी ठेवून ढकललं, खांदा तिथे तयार झाला. वरच्या फळीशी हात असतो तेव्हा दंड डोक्याच्या पातळीच्या वर गेलेला असतो, तिथली ताकद कुणी मागितलीच नाही तर येईल कुठून?

म्हणून आता पुढे सरका. आधी तेच ढकलणं वेगळ्या कोनात करा. भिंतीकडे तोंड करून हात कमरेच्या उंचीवर, मग छातीच्या, मग खांद्याच्या, तळहात भिंतीला लावून ढकलायचं, आठवड्याला एक पायरी, सकाळचा आकडा बघत. जिथे कळ येते त्याच्या जरासं खाली थांबा आणि तिथे ढकला, काही दिवसांनी ती कळ येणारी जागाच वर सरकलेली दिसते. मी हे अनेकांत होताना बघितलंय आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

त्याच्या जोडीला हालचाल सुरू करा. टेबलावर टॉवेल ठेवून हात पुढे सरकवणं, मग भिंतीवर बोटं चालवत वर नेणं. ते सोपं झालं की रबरी पट्टी दाराला बांधून हात बाहेर आणि आत वळवणं, हळू, तीन सेकंद जायला आणि तीन यायला. त्यानंतर हातात हलकं वजन, पाण्याची अर्धा लिटरची भरलेली बाटली चालते, अंगठा वर ठेवून हात समोर थोडा तिरका उचलायचा, आधी खांद्यापर्यंत, मग वर. फरा, म्हणजे पाठीवरचं ते त्रिकोणी हाड, त्याच्या स्नायूंनाही काम द्या. भिंतीवर हात टेकून उभ्या उभ्या जोर मारणं त्याला चांगलं, आणि जोर मारून झाल्यावर शेवटी भिंतीला अजून थोडं ढकलून पाठ किंचित मागे न्यायची, हे विसरू नका.

हे सगळं पट्टीपासून बाटलीपर्यंत यायला ६ आठवडे, पुढे ताकद नीट जाणवायला धरून १२ आठवडे तरी लागतात. टेंडन स्नायूपेक्षा हळू बदलतं, त्याला घाई चालत नाही. दुखणं निम्म्यावर आलं तिथेच थांबलात तर फळीवरचा डबा दर वेळी आठवण करून देईल, म्हणून आत्ताच सोडू नका, खरं काम आता सुरू होतंय.

प्रश्न: आईला डायबेटिस आहे, वय ५४. डावा खांदा पाच महिने इतका आखडलाय की पाठीमागे हात जातच नाही, कुणी धरून फिरवायला गेलं तरी फिरत नाही. तिनेही भिंत ढकलावी का?

कुणी धरून फिरवलं तरी फिरत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. रोटेटर कफच्या दुखण्यात सहसा स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने हळूच उचलला तर जातो. इथे तोही जात नाही, म्हणजे फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता बरीच आहे, ज्यात सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आखडते. हे नाव १९३४ मध्ये अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकन सर्जननी दिलं. ४० ते ६० वयात जास्त, बायकांमध्ये जास्त, आणि डायबेटिस किंवा थायरॉइड असणाऱ्यांना तर आणखी जास्त होतं. आईंची कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळतो का ते बघा, दोन्ही बाजू शेजारी शेजारी. डावा अगदीच अडकत असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या, एक्स-रे पण काढतात, म्हणजे सांध्याची झीज नाही ना ते कळतं.

भिंत ढकलल्याने आखडलेली पिशवी सैल होत नाही. जेव्हा दुखणं जोरात असतं त्या काळात हलकं ढकलणं चालतं, स्नायू वाळू नयेत म्हणून, पण आईंचं मुख्य काम आहे सहन होईल तेवढी हळुवार हालचाल, दिवसातून अनेक वेळा थोडी थोडी. पुढे वाकून हात लोंबता सोडून छोटे झोके देणं, निजून काठीने दुसऱ्या हाताच्या मदतीने हात वर नेणं. कुणालाही हात जोरात ओढू देऊ नका, मी पाया पडून सांगते, हे ओढण्याचे प्रकार झाल्यावर रडत आलेल्या बायका मी बघितल्यात. या आजारात सुरुवातीच्या दुखऱ्या काळात सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन बऱ्याच जणांना काही आठवडे चांगला आराम देतं, पण त्यानं काही दिवस साखर वाढते, म्हणून घ्यायचं असेल तर साखर तपासत राहायचं. आणि हे दुखणं बरं व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, हे आईंना आधीच सांगा, म्हणजे तिसऱ्या महिन्यात त्यांना आपलंच काही चुकतंय असं वाटणार नाही.

प्रश्न: त्या कुशीवर झोपताच येत नाही.

दुखऱ्या कुशीवर झोपूच नका थोडे दिवस. दुसऱ्या कुशीवर झोपा आणि छातीसमोर मोठी उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर ठेवा, हात पुढे लोंबला की खांदा ओढला जातो. उताणं झोपत असाल तर कोपराखाली घडी केलेली चादर. झोपायच्या अर्धा तास आधी पाव जोराने दोन-तीन वेळा ढकलून बघा, काहींना त्यानं झोपताना हलकं वाटतं, नाही वाटलं तर सोडा.

प्रश्न: मला खांद्यातलं हाड घासून जागा करायचं दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलंय. व्यायाम सहा आठवडेच केलाय आणि थोडा फरक आहे. ऑपरेशन लगेच करावं का? आणि फिजिओथेरपीच्या किती सिटिंग लागतात?

ऑपरेशनचा निर्णय तुमच्या सर्जनबरोबरच घ्या, मी तुमचा खांदा बघितलेला नाही. पण त्यांना विचारायला जाताना ही माहिती जवळ असू द्या. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यात काहींचं हे घासायचं ऑपरेशन केलं, काहींना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, हाड घासलंच नाही, आणि काहींना काहीच केलं नाही. घासलेल्या आणि न घासलेल्या लोकांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. त्याच वर्षी फिनलंडमधूनही असाच निकाल आला. टेंडन पूर्ण तुटलेलं असेल तर तो वेगळा विषय, पण फक्त जागा करायची असेल तर तुम्हाला थांबून १२ आठवडे नीट व्यायाम करून बघायचा पूर्ण हक्क आहे, आणि सहा आठवड्यांत थोडा फरक असणं हे चांगलंच लक्षण आहे.

सिटिंगबद्दल, २०२१ मध्ये ब्रिटनमध्येच रोटेटर कफच्या ७०८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाला फिजिओथेरपिस्टने एकदाच नीट वेळ देऊन घरचे व्यायाम शिकवले आणि दुसऱ्या गटाला सहापर्यंत भेटी दिल्या, १२ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच होते. माझ्या पेशाला हे ऐकायला जड जातं, पण तुम्हाला ते कळायला हवं. एकदा चांगलं शिकून घ्या, मनातलं सगळं विचारून घ्या, आणि घरी करा. अडलात, वाढलं, भीती वाटली तर परत या.

प्रश्न: कधी व्यायाम सोडून थेट डॉक्टरकडे पळायचं?

डाव्या खांद्यात किंवा हातात दुखतंय आणि सोबत छातीत दाब, घाम, धाप, तर खांद्याचा विचारच करू नका, ताबडतोब हॉस्पिटल. पडल्यावर खांद्याचा आकार बदललेला दिसतोय, हात उचलत नाही, तेव्हाही लगेच. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि ताप आहे, लगेच. रात्रंदिवस कुठल्याही स्थितीत न थांबणारं दुखणं आणि वजन आपोआप उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, तर त्याच आठवड्यात. वय ५० च्या पुढे, दोन्ही खांदे अचानक दुखायला लागलेत आणि सकाळी पाऊण तासाच्या वर आखडलेले राहतात, तर रक्ततपासणी करून घ्या, तो सांध्यांभोवतीचा दाह असू शकतो आणि त्याला औषध आहे, भिंत ढकलून तो जात नाही. त्यात नवीन डोकेदुखी, जबडा दुखणं किंवा नजर कमी होणं असेल तर थांबू नका. आणि ज्यांचं टेंडन शिवायचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांनी सर्जननी हो म्हटल्याशिवाय हलकंसुद्धा ढकलायचं नाही, शिवलेलं टेंडन हाडाला धरायला वेळ लागतो.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे आहेत. दोन दिवस करतात, मग विसरतात. काय करू?

वेगळी वेळ काढायला लावू नका. रोज जे ते करतातच त्याला जोडून द्या, म्हणजे दात घासून झाले की बाथरूमच्या दाराच्या चौकटीत उभं राहायचं, एकदा आत ढकलायचं, एकदा बाहेर, दहा मोजायचे. चौकटीवर त्यांच्या मनगटाच्या उंचीला रंगीत चिकटपट्टी लावा, म्हणजे हात कुठे ठेवायचा हे रोज आठवावं लागत नाही. पहिले पंधरा दिवस तुम्हीही शेजारी उभं राहून ढकला आणि आकडे दोघांनी मोठ्याने मोजा. मला पुढच्या महिन्यात लिहून कळवा किती दिवस झाले ते.